तीनशे साठ भागाकार

१

गणक वारले त्याला अठरा दिवस झाले होते आणि त्यांची चूक अजून ठणठणीत होती. आज संध्याकाळी पाच वाजता ती छापखान्यात जायची होती.

आमचं कार्यालय संख्याकोश काढतं. प्रत्येक संख्येचं एक कार्ड असतं आणि त्या कार्डावर तिचे गुणधर्म: कशाने भाग जातो, किती वर्गांची बेरीज आहे, काही चमत्कारिक वागते का. हे कशासाठी, असं विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही. सातवा खंड छापून तयार होता, फक्त शुद्धिपत्राचं पान राहिलं होतं. शुद्धिपत्राला तीन रकाने असतात: पान, दुरुस्ती आणि "चूक कोणाची". त्यात एकच ओळ जायची होती. 'प्रस्तावना, पान ३. ५८८२३५३ ही मूळ संख्या नाही, १९ने भाग जातो. चूक : गणक, पहिली खोली.' एकतीस वर्षांच्या नोकरीत गणकांचा छापील उल्लेख एवढाच. काम बरोबर झालं तर ते कुणाचं, हे आम्ही लिहीत नाही.

ती ओळ टाइप करायला दिली होती त्यांच्या मुलीकडे. त्यात दुष्टावा नव्हता. कार्यालयात टायपिस्ट एकच आहे.

सव्वादहाला ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मी चौकशी अधिकारी. माझ्या अखत्यारीत फक्त हरवलेल्या वस्तू येतात. माझी सर्वांत गाजलेली केस म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाची. ते दुरुस्तीला गेलं होतं.

"बस ना."

"उभीच बरी आहे, काका. बसलं की उठायचं लक्षात राहत नाही."

आवाजात काहीच नव्हतं. फोनवर वेळ सांगणाऱ्या बाईचा असतो, तसा. तिने तक्रारीचा अर्ज पुढे सरकवला. 'हरवलेली वस्तू : एक वही.'

"कसली वही?"

"बाबांची. तीनशे साठ भागाकारांची."

ती वही सगळ्यांना ठाऊक होती. एखादी संख्या मूळ आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कुणीच पुरतं भागत नाही, हे सिद्ध करायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं, असा आमचा नियम. या संख्येचं वर्गमूळ २४२५च्या किंचित पुढे. तिथवर मूळ संख्या मोजून तीनशे साठ. गणकांनी तीनशे साठही भागाकार हाताने केले होते, रोजचं काम सांभाळून, सात आठवडे. गणनयंत्र घेण्याचा प्रस्ताव बावीस वर्षं विचाराधीन आहे.

"वही मिळाली तर काय होईल?"

"एकोणीसचा भागाकार बघेन. बाकी काय लिहिलीय ती." ती थांबली. "ऑफिसात सगळे म्हणतात, चुकीचा धक्का बसला, म्हणून गेले. ते तसे गेले का, एवढं मला कळायला हवं. चुकले असतील तर मी ओळ टाइप करते. पाचपर्यंत वेळ आहे."

"आणि चुकले नसतील तर?"

"तर मग ते कशाने गेले, काका?"

२

संचालक प्रस्तावनेकडे बघत बसले होते. स्वतःच लिहिलेली प्रस्तावना ते रोज एकदा वाचतात.

"वही? अहो, माणूस गेला आणि तुम्ही वही शोधताय?"

"माणूस माझ्या अखत्यारीत येत नाही, सर."

"हं." त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. "हे बघा. काय सुंदर संख्या शोधली होती त्यांनी! मधोमध तोडा. इकडे ५८८, तिकडे २३५३. दोघांचे वर्ग करा. पहिल्याचा ३४५७४४, दुसऱ्याचा ५५३६६०९. बेरीज?"

मी बेरीज केली. ५८८२३५३.

"तीच! स्वतःच्या दोन तुकड्यांतून पुन्हा उभी राहते. असल्या संख्या फार थोड्या. १२३३ आहे, ८८३३ आहे, पण त्यांना कोण विचारतो! ही सात आकडी आणि वर मूळ संख्या. मी अडीच पानं लिहिली तिच्यावर. प्रस्तावनेची पानं छापून झाली आणि मग कळलं, एकोणीसने भाग जातो म्हणून."

"वाईट वाटलं असेल तुम्हाला."

"वाटलं ना." मग ते जरा पुढे झुकले. "पण एक सांगू? शुद्धिपत्र नसलेल्या ग्रंथावर लोक विश्वास ठेवत नाहीत. सातव्या खंडात एकही चूक सापडत नव्हती. मी काळजीत होतो. पान कोरं ठेवायचं की काय!"

"म्हणजे चूक सापडली ते बरंच झालं."

"तसं मी म्हणणार नाही." ते म्हणाले आणि तसंच म्हटल्यासारखे मागे टेकले. "माणूस चुकतो. आपण ते छापतो. एवढंच."

मी दाराशी पोचलो तेव्हा ते म्हणाले, "आणि वहीबद्दल दुसऱ्या खोलीत विचारा. चूक तिथल्याने पकडली. त्या दोघांत नऊ वर्षं शब्द नव्हता."

३

दुसऱ्या खोलीतल्या गणकाला सगळे नऊटाके म्हणतात. ते त्याचं आडनाव नाही. कार्यालयातली पडताळणीची पद्धत त्याने आणली: संख्येतले आकडे मिळवायचे, बेरजेतले आकडे पुन्हा मिळवायचे, शेवटी एक आकडा उरतो. नऊ-नऊ टाकून दिले की जे राहतं ते हेच, म्हणून त्याला नऊशेष म्हणायचं. दोन ठिकाणचे नऊशेष जुळले की काम बरोबर. एका खंडात लाखो कार्डं असतात. आकडा न् आकडा कोण ताडून बघणार?

"या, चौकशीसाहेब. कात्री हरवली की माणूस?"

"वही. पहिल्या खोलीतली."

"मी त्या खोलीत नऊ वर्षांत पाय ठेवलेला नाही. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून झालं होतं आमचं. तो उघडी म्हणायचा." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "आता बंदच असते. वारा येत नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही."

"चूक तू कशी पकडलीस?"

"पकडली कसली! माझं काम दुसऱ्यांदा भागणं. पहिल्या खोलीचं कार्ड मला दाखवत नाहीत, नाहीतर मी त्याचंच उत्तर लिहीन, असा नियम. मला नुसती संख्या येते, टाइप केलेल्या चिठ्ठीवर. मी भागायला बसतो. दोनने, तीनने, पाचने... एकोणीसला भाग गेला. चिठ्ठीच्या मागे लिहिलं, चिठ्ठी दिली परत. मला कुठे ठाऊक ती त्याची लाडकी होती?"

"संख्या आठवते?"

"आठवड्याला दोनशे येतात. सगळ्यांच्या जन्मतारखा पाठ करू? चिठ्ठी परत जाते, माझ्याकडे फक्त एवढं राहतं." त्याने रजिस्टर उघडलं. 'भाजक १९. भागाकार ३०९६०७. नऊशेष ७.' "एकोणीसचा नऊशेष एक. भागाकारातले आकडे मिळवा, पंचवीस, म्हणजे सात. एक गुणिले सात, सात. आणि त्याच्या संख्येतले आकडे मिळवले तर चौतीस, म्हणजे सात. जुळलं."

मी ते माझ्या डायरीत उतरवून घेतलं. गणितात मी दोनदा नापास झालोय, पण उतरवून घेणं मला जमतं.

"तुला आनंद झाला असेल," मी म्हणालो.

त्याने बंद खिडकीकडे पाहिलं. "व्हायला हवा होता. मी वाट बघत होतो, तो येईल आणि भांडेल म्हणून. तो कधीच काही कबूल करत नसे. एकदा कॅलेंडरशी भांडला होता, महिन्याला एक दिवस कमी छापलाय म्हणून. आणि त्याचंच बरोबर निघालं. पण या वेळी तो आलाच नाही."

"मग काय केलं त्यांनी?"

"दप्तरात विचारा, मावशींना. ऐकलंय ते असं, की मुकाट सही केली."

४

दप्तराच्या मावशी एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून आहेत. खुर्ची तीनदा बदलली.

"वही गेली," त्यांनी वर न बघता सांगितलं. "लगद्याला. त्याच दिवशी."

"कुणी पाठवली?"

"त्यांनीच. नियमच आहे भाऊ तसा. चूक मान्य केली की वही लगद्याला, म्हणजे चुकीचं काम पुन्हा कुणी वापरत नाही. ही बघा सही."

रजिस्टर त्यांनी माझ्याकडे फिरवलं. गुरुवार. 'कार्ड ५८८२३५३ गणकांस दाखवले, ११.०५. गणकांनी चूक मान्य केली, ११.१०. वही जमा, ११.१२.'

"पाच मिनिटं?"

"तेवढीसुद्धा नाही. त्यातली दोन चष्मा पुसण्यात गेली."

जो माणूस कॅलेंडरशी भांडतो, तो सात आठवड्यांच्या कामावर तीन मिनिटांत पाणी सोडतो. एकोणीसचा एक भागाकार पुन्हा करून बघायलाही पाच मिनिटं लागतात.

"मावशी, चिठ्ठी कार्डाला कशी लागते ते सांगा बरं."

"दुसऱ्या खोलीतून चिठ्ठी येते. मी तिच्यावरचा नऊशेष बघते, कार्डावरचा नऊशेष बघते. इथे सात, तिथे सात. 'जुळले'चा शिक्का मारते. मागचं उत्तर लाल शाईने कार्डावर उतरवते आणि चिठ्ठी टाचणीने कार्डाला लावते."

"संख्या वाचता?"

त्यांनी प्रथमच वर पाहिलं. "संख्या? भाऊ, माझं काम नऊशेष बघणं आहे. संख्या बघायला गणक आहेत."

मी कार्ड मागवलं. वर काळ्या शाईत ५८८२३५३. खाली 'मूळ' हा शब्द लाल रेघेने कापलेला, शेजारी '१९ × ३०९६०७'. शिक्का. सही. वरच्या कोपऱ्यात जवळजवळ दोन बारीक भोकं.

"टाचणी कुठे आहे?"

"त्यांनी काढली. मला परत दिली. टाचण्या मोजून असतात आमच्याकडे."

"आणि चिठ्ठी?"

मावशींनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"चिठ्ठी त्यांनी घडी करून खिशात घातली. मी काही बोलले नाही. टाचणी परत आली होती ना!"

५

दुपारच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि तसाच बंद केला. चिठ्ठीत असं काय होतं? मागे नऊटाकेचं उत्तर होतं, ते तर कार्डावर लाल शाईत उतरलेलंच आहे. पुढे नुसती संख्या. संख्या कुणी चोरत नाही. ती सगळीकडे असते.

माझ्यापुढे डायरी होती: १९, ३०९६०७. गणितवाल्यांनी ताडून पाहिलं होतं. एकाने नऊ टाकून, दुसरीने नऊ टाकून. मला ती विद्या येत नाही. मला फक्त शाळेतला गुणाकार येतो, तोही बोटं मोजून. वेळ जावा म्हणून मी तो केला.

३०९६०७ गुणिले १९. वीसने गुणून एकदा वजा केलं.

५८८२५३३.

मी मावशींकडून आणलेल्या कार्डाकडे पाहिलं. ५८८२३५३.

अर्थातच माझं चुकलं होतं. पुन्हा केला, या वेळी नऊने आणि एकने, दोन ओळींत, हातचे डोक्यावर लिहून. ५८८२५३३. तिसऱ्यांदा केला. कार्डावर शेवटी तीनशे त्रेपन्न होते, माझ्या कागदावर पाचशे तेहेतीस. तेच आकडे, पण तीन आणि पाच यांनी जागा बदललेल्या. आणि बेरजेला जागेशी काही देणंघेणं नसतं. पाच अधिक तीन काय, तीन अधिक पाच काय. चौतीसच. सातच.

या इमारतीत गेल्या महिन्यात निदान तीन शहाण्या माणसांनी हे कार्ड तपासलं होतं. गुणाकार कुणीच केला नव्हता.

६

नऊटाकेने कागद पाहिला. मग तो खुर्चीवर बसला. बसलेलाच होता, तरी पुन्हा बसला.

"एकशे ऐंशीचा फरक," तो म्हणाला. "नऊ गुणिले वीस. आकड्यांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. नऊशेषाला तो दिसतच नाही." मग म्हणाला, "माझी पद्धत."

"म्हणजे तू भागलंस ते बरोबर."

"अगदी बरोबर. दुसऱ्याच संख्येला."

"मग गणकांना तरी कळायला हवं होतं. की ते खरंच घाबरले?"

"घाबरला?" तो हसला. ते हसू बघवत नव्हतं. "साहेब, ५८८२३५३ला सतराने गुणा."

मी गुणलं. उत्तर पाहून वाटलं की पुन्हा चुकलो. १००००००००१ नव्हे, एक शून्य जास्त पडलं होतं. नीट मांडल्यावर १०००००००१.

"दहा कोटी एक," तो म्हणाला. "आता या दहा कोटी एकला भागणारी जी कोणती मूळ संख्या असेल, ती सोळाने भागली की बाकी एकच उरते. सिद्धता विचारू नका, पाचला छापखाना आहे. आपल्या संख्येला जो भागेल, तो दहा कोटी एकलाही भागेल, खरं ना? मग एकोणीसला सोळाने भागा."

"बाकी तीन."

"झालं तर. एकोणीसला आत यायला दारच नाही. त्यासाठी वही उघडायलाही नको. कार्डावर एकोणीस वाचता वाचता त्याला कळलं असणार, हे खोटं आहे. चष्मा पुसून होण्याआधी."

"त्यांना ही सोळाची गोष्ट ठाऊक होती?"

"त्यानेच मला सांगितली. खिडकीच्या आधी."

"मग तीनशे साठ भागाकार कशाला केले?"

नऊटाकेने माझा कागद घडी करून परत दिला.

"नियम सातवा. कारण लेखी दिलं तर भाजक गाळता येतात. मग भागाकार उरतात फक्त एक्केचाळीस. पण ते दोन माणसांनी दोन खोल्यांत बसून करायचे. दुसऱ्या खोलीत मी होतो. मला विचारण्यापेक्षा त्याला तीनशे साठ सोपे वाटले."

मी उठलो. वही, टाचणी, पाच मिनिटं, सगळं आता एका रांगेत उभं होतं. एक माणूस बरोबर आहे हे त्याला माहीत आहे. पुरावा त्याच्या हातात आहे. तो पुरावा खिशात घालतो, स्वतःचं काम लगद्याला पाठवतो आणि चूक मान्य म्हणून सही करतो. असं माणूस एकाच कारणासाठी करतो. चिठ्ठी दुसऱ्या कुणाची तरी असते.

"चिठ्ठ्या टाइप कोण करतं?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. या कार्यालयात टायपिस्ट एकच आहे.

७

तिच्या मागच्या दोन चुकांची चौकशी मीच केली होती. मशीनमधल्या चुकीला 'हरवलेला अचूकपणा' म्हणून माझ्या खात्यात टाकतात. दोन्ही वेळा मी अहवालात 'किरकोळ' लिहिलं. पण नियम मोजतो, वजन करत नाही. तिसऱ्या चुकीला टायपिस्ट घरी. दुसऱ्या विभागातही घेत नाहीत.

ती मशीनपुढे बसली होती. शुद्धिपत्राचा कागद चढवलेला. तीन रकान्यांच्या रेघा मारून झालेल्या.

"वही लगद्यात गेली," मी म्हणालो. "त्यांनी स्वतःच पाठवली."

"म्हणजे चुकले."

मी डायरी पुढे केली. "हा गुणाकार कर."

तिने हाताने केला. माझ्यापेक्षा बराच भरभर, बापाच्या वळणाने, हातचे न लिहिता. उत्तर लिहून झाल्यावर तिची पेन्सिल शेवटच्या तीन आकड्यांवर थांबली. तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिने खणातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि कार्बन प्रतींची फाईल घेतली. प्रत्येक चिठ्ठीची प्रत तिच्याकडे राहते, आणि त्या कपाटाची किल्लीही तिच्याकडेच. गणकांचा हात तिथे पोचत नव्हता.

गुरुवारच्या आधीचा सोमवार. जांभळी अक्षरं. ५८८२५३३.

तिने प्रत टेबलावर ठेवली आणि कडा टेबलाच्या कडेशी जुळवल्या.

"मी पाच आधी मारला," ती म्हणाली.

"हो."

"त्यांनी चिठ्ठी पाहिली."

"पाहिली. काढून घेतली. त्यांना लगेच कळलं होतं की आपण बरोबर आहोत. नऊटाके सांगतो, चष्मा पुसण्याआधी."

"माझी तिसरी झाली असती."

"हो."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून कपाट ओढत नेत होतं. प्रत्येक पायरीला एक दणका. आम्ही दोघांनी ते पूर्ण होऊ दिलं.

"रविवारी जेवताना मला विचारलं त्यांनी, काम आवडतं का म्हणून," ती म्हणाली. "मी म्हटलं, ठीक आहे. तर म्हणाले, ठीक असलं तरी पुरे. मग खुर्चीत जाऊन बसले, खिडकीपाशी. मी भांडी आवरून आले तोवर..." वाक्य तिने तिथेच सोडलं. "म्हणजे धक्क्याने नाही गेले."

"नाही. डॉक्टरांनी हृदय लिहिलंय ना, ते खरंच हृदय होतं. बारा वर्षांचं दुखणं होतं."

तिने मान हलवली. खांदे एक बोटभर खाली आले. बाकी चेहरा तसाच.

"हे बघ," मी म्हणालो. "मी अहवालात लिहितो, चिठ्ठी सापडत नाही. ते खरंच आहे. चूक कोणाची, अज्ञात. त्यांचं नाव निघेल आणि तुझं येणार नाही. कार्बनची फाईल मी पाहिलेली नाही. मला डोळ्यांचा त्रास आहे."

"अज्ञात चालत नाही त्या रकान्यात. सरांनी पाचव्या खंडात घालायचा प्रयत्न केला होता." तिने मशीनमधला कागद ओढून काढला. "आणि वही नाही. वहीशिवाय 'मूळ' लिहिता येत नाही. पाचपर्यंत तीनशे साठ कोण करणार?"

"एक्केचाळीस," मागून नऊटाके म्हणाला. तो दारात उभा होता, हातात कोऱ्या कागदांची चवड. खाली मान घालूनच बोलत होता. "एक्केचाळीसच करायचे आहेत. सतरा, सत्त्याण्णव, एकशे तेरा... यादी आणलीय. कारण मी लिहून सही केलीय. पण दोन खोल्यांत दोन माणसं लागतात. नियमात 'गणक' असा शब्द नाही. 'माणसं' आहे. मी पाहून आलो."

"मला बाबांनी शिकवलंय," ती म्हणाली.

"ते दिसतंच आहे," तो गुणाकाराच्या कागदाकडे बघत म्हणाला. "मी पहिल्या खोलीत बसतो. चालेल?"

पावणेदोन वाजले होते.

मी दोन खोल्यांमध्ये ये-जा केली. माझ्याकडे बाक्या ताडायचं काम होतं; नऊशेषाने नव्हे, आकडा न् आकडा, बोट ठेवून. सतराने भागून बाकी १३, दोन्हीकडे. सत्त्याण्णवने ७९, दोन्हीकडे. एकशे तेराने २५. साडेतीनच्या सुमारास सहाशे त्र्याहत्तरला दोघांचं जुळेना. नऊटाकेचं चुकलं होतं. त्याने खोडलं, पुन्हा केलं आणि पहिल्यांदाच कुणाला तरी सॉरी म्हणाला. मी ते सॉरी पलीकडे पोचवलं. "राहू दे," ती म्हणाली, पेन्सिल न थांबवता.

चार पस्तीसला शेवटचा. २४१७ने भागलं. भागाकार २४३३, बाकी १७९२. पलीकडच्या कागदावर १७९२. एक्केचाळीसपैकी एकाही ठिकाणी शून्य आलं नव्हतं. संख्या मूळ होती. ती आधीपासून होतीच. आमच्या सह्यांची ती वाट बघत नव्हती.

पावणेपाचला संचालक शुद्धिपत्र न्यायला स्वतः आले. त्यांना सगळं दोनदा सांगावं लागलं. प्रस्तावना बरोबर निघाली हे कळल्यावर तिसऱ्यांदा सांगू दिलं नाही.

"म्हणजे आता चूक मुख्य पानावर. चारशे बारा," ते म्हणाले. "मूळ असताना आपण कार्डावरच्या लाल शाईवरून भाग जातो असं छापलंय. छान! म्हणजे, वाईट. पण शुद्धिपत्र राहतंय ना?" मग त्यांना तिसरा रकाना आठवला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच माझ्याकडे. "त्यात काहीतरी... सौम्य घाला. 'कार्यालयीन' म्हणा. पंधरा वर्षं प्रामाणिकपणे काम... किती वर्षं?"

"चार," ती म्हणाली.

"तरीसुद्धा."

तिने नवा कागद चढवला. रेघा मारल्या. एका बोटाने, एकेक कळ बघून, टाइप केलं:

पान ४१२. ५८८२३५३ ही मूळ संख्या आहे. १९ने भाग जात नाही. गणकांचे उत्तर बरोबर होते.

मग तिसऱ्या रकान्यापाशी गाडा सरकवला आणि हात मांडीवर ठेवले.

"उद्यापासून तुला यायचं नाही, कळतंय ना?" मी हळूच म्हणालो. "त्यांनी एवढं सगळं केलं ते याचसाठी की तू इथे राहावीस. हे त्यांना आवडलं नसतं, पोरी."

"नसतं आवडलं."

"मग?"

"त्यांनी सही करताना मला विचारलं नव्हतं, काका," ती म्हणाली आणि टाइप केलं : टायपिस्ट.